जुन्या लाकडाच्या शोधात वाशिम जिल्हा

वाशिम जिल्ह्यात बघण्यासारखे काय आहे असे कोणी विचारले तर लोक वाशिमचे बालाजी मंदिर सांगतात, कारंज्याचे गुरुमंदिर सांगतात, शिरपूरचे जैन देवस्थान आणि पोहरादेवीची यात्रा सांगतात. जरा वाचलेला माणूस असेल तर वत्सगुल्म हे जुने नाव काढून थेट वाकाटक राजांपर्यंत जाऊन पोहोचतो. हे सारे खरेच आहे. आम्ही मात्र गेली काही वर्षे या जिल्ह्यात हिंडतो ते भंगाराची गोदामे, पाडायला काढलेली घरे आणि कचेऱ्यांच्या मागची आवारे बघत. एसटीतून उतरलो की आमचे पाय आपोआप तिकडे वळतात. आमच्या ओळखीचे लोक आता हसायचेही थांबले आहेत. उलट कुठे एखादे जुने कपाट रस्त्यावर आले की निरोप धाडतात.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवराबायको, आणि शाळेला सुट्टी असेल तेव्हा आमची मुलगी. एकाची उमर गाड्या दुरुस्त करण्यात गेली, दुसरीचे घरी शिवणकाम चालते. सुतारकाम दोघांच्याही घराण्यात नाही. पण हाताला काम लागते, आणि टाकून दिलेली वस्तू उलटीपालटी करून बघायची सवय आहे. एवढ्या भांडवलावर आम्ही जुने लाकडी सामान शोधून आणतो, घासूनपुसून नवे करतो आणि घरात वापरतो. कधी एखादे नातलगाला देतो, क्वचित विकतो.

सुरुवात घरकुलापासून झाली. रमाई आवास योजनेतले घरकुल म्हणजे 269 चौरस फूट. आपल्यापैकी पुष्कळांना हा आकडा पाठ आहे. भिंती झाल्या, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, रंगही लागला, आणि मग प्रश्न पडला की आत ठेवायचे काय? दुकानातले सामान हप्त्याने मिळते हे खरे. पण आमच्या एका नातलगाने असेच हप्त्याने आणलेले कपाट आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. वरून आरशासारखे चकचकीत, आत नुसता दाबलेला भुसा. पहिल्याच पावसाळ्यात जमिनीलगतची कड पावासारखी फुगली आणि हप्ते संपायच्या आधी दार निखळले. दुसरी गोष्ट मापाची. दुकानातला सोफा आपल्या खोलीत ठेवला तर माणसांनी अंगणात बसायचे! घरकुलाला सामान असे हवे की जे मोजून-मापून, कापून-जोडून त्या खोलीत बसवता येईल. अस्सल लाकडाला करवत लावता येते, दाबलेल्या भुशाला ती लावली की त्याचा भुसाच हाती येतो.

आता या जिल्ह्यात जुने लाकूड येते तरी कुठून? जिल्हा तसा नवा आहे. 1 जुलै 1998 रोजी तो अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. 2018 मध्ये केंद्र सरकारने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि त्यांत वाशिमचे नाव होते. आकांक्षित हा शब्द गोड आहे, अर्थ मागासलेला असाच. कारखाने नाहीत, म्हणून माणसे पुण्या-मुंबईकडे कामाला जातात. माणसे गेली की घरे बंद पडतात, आणि बंद घराचे सामान हळूहळू बाहेर येते. आमच्या छंदाला माल मिळतो तो या कारणाने, हे आम्ही कधी विसरत नाही. ज्या बाजेवर कोणाची म्हातारी आई झोपत होती ती बाज भंगाराच्या गाडीवर उलटी टाकलेली दिसली की भाव करताना जीभ जड होते.

पण सगळ्यांत जास्त लाकूड आम्हाला दिसले कारंज्यात. कारंजा ही कापसाची जुनी पेठ. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' याच गावावरून जायची. मँचेस्टरमध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते, मग डिझेलचे आले, आणि आता ती गाडीच बंद आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्याकरता असे रूळ टाकले गेले. त्या कापसाच्या पैशावर इथे मोठमोठे वाडे उठले, आणि वाड्यांत सागवानाचे खांब, तुळया, कडीपाट, बंगया, मेजे, पेट्या आल्या. (कारंज्यात जैनांच्या 'काष्ठासंघ' परंपरेचे जुने मंदिर आहे. नाव ऐकून आम्ही पहिल्यांदा मोठ्या आशेने गेलो होतो. पण ते संघाचे नाव निघाले, लाकडाचा बाजार नव्हे!) आता हे वाडे वाटण्यांमध्ये सापडले आहेत. चार भावांच्या आठ मुलांना दुकानाचे गाळे हवे असतात. वाडा पडतो, सिमेंट चढते, आणि शंभर वर्षे सावलीत मुरलेले सागवान किलोच्या भावाने काट्यावर चढते.

ज्या भंगारवाल्याकडे आम्ही पहिल्यांदा गेलो त्या चाचांनी आम्हाला पहिला धडा दिला. ढिगातली एक काळी, चिकट, तेलकट फळी आम्ही बाजूला सारत होतो. चाचा म्हणाले, "भाऊ, ये जलाऊ नहीं है. जरा पलट के देखो." उलटी केली, खिशातल्या चाकूने कोपरा जरा खरवडला, तर आतून मधासारखा रंग निघाला आणि नाकाला कातड्यासारखा उग्र वास आला. हीच सागवानाची ओळख. त्याला स्वतःचे तेल असते म्हणून ते पाण्याला दाद देत नाही आणि वाळवी त्याच्या पक्क्या गाभ्याला सहसा लागत नाही. वरचा भाग कधी बघू नये, तिथे रंग आणि पॉलिश लपवाछपवी करतात. टेबल असेल तर त्याखाली वाकावे, कपाट असेल तर मागची बाजू बघावी, खण असेल तर पूर्ण बाहेर काढून त्याचे बूड बघावे. शिसम असेल तर काळपट आणि उचलताना खांदा मोडेल इतके जड. बाभूळही जड आणि चिवट, बैलगाडीवाल्यांचे आवडते. आंब्याचे लाकूड हलके, फिकट, किड्याचे माहेर. पण तेही टाकाऊ नाही, घरात कोरडे ठेवले तर स्वयंपाकघरातल्या फळ्यांना पुरते.

लाकडानंतर जोड बघायचे. जुन्या कारागिराने एका दांड्याची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसवून आडवी बांबूची मेख ठोकलेली असते. लोखंडी खिळा नावालाही नसतो. असे सामान डगमगत असले तरी घाबरू नये. मेख काढून, खाच साफ करून, पुन्हा सरस लावून आवळले की ते आणखी एक पिढी चालते. उलट खिळे ठोकून ठोकून चाळणी केलेला पाय दिसला की आम्ही नमस्कार करून पुढे जातो. बारीक भोके दिसली तर बोटाने ठोकून बघावे. पिठासारखी भुकटी पडली तर किडा अजून आत जिवंत आहे. भोके जुनी आणि कोरडी असतील तर भीती नाही. आणि एक वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी घरात आणू नये, ती म्हणजे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. ते कुजू नयेत म्हणून त्यांत डांबराचे विषारी तेल मुरवलेले असते. उन्हात त्याचा वास सुटतो आणि अंगाला लागले तर कातडी भाजते.

आमच्या हाती लागलेली सगळ्यांत चांगली वस्तू एक खुर्ची. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका मोठ्या वाड्याचे सामान निघाले होते. त्यात ही होती, लांब हातांची, मागे रेललेली, बसायची आणि टेकायची जागा वेताने विणलेली. वेत फाटून लोंबत होता, एक हात भाजल्यासारखा काळा होता, मागचा एक पाय सुटला होता. सागवान मात्र असे की ठोकले तर घंटा वाजावी. साडेतीनशे रुपयांत आणि एसटीच्या टपावरच्या दोन तासांत ती आमच्या अंगणात आली.

बाबांनी ती पाहिली आणि जवळ आले नाहीत. लांबूनच म्हणाले, "हे खुर्ची मले वळखू येते. हे घरात कायले आनली?"

आम्ही नुसते बघत राहिलो. बाबांचे लहानपण त्याच गावात गेले. त्या वाड्याच्या ओसरीवर ही खुर्ची असायची. मालक तिच्यात पडून कंदिलाच्या उजेडात पोथी की हिशोब काय ते वाचायचे, आणि बाबांचे वडील निरोप सांगायला किंवा मजुरी मागायला गेले की पायरीच्या खाली, उन्हात, उभे राहायचे. हातावरचा काळा डाग त्या कंदिलाचा, असे बाबा म्हणाले. "चैत्रात वाड्यातल्या खाटा बाहेर निघत. ढेकनं मारासाठी. उन्हात टाकाले आमी, उकळतं पानी ओताले आमी, अन् झोपाले ते." एवढे बोलून ते विहाराकडे निघून गेले.

त्या रात्री घरात बराच वाद झाला. वाद फक्त एका खुर्चीचा नव्हता. आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचे उतरलेले वापरले. उतरलेले लुगडे, उरलेली भाकर, मोडकी खाट. ते सोडायला किती कष्ट पडले ते बाबांच्या वयाची माणसे जाणतात. मग आता, मुले शिकली असताना, चार पैसे हाती असताना, पुन्हा त्यांचेच जुने सामान पैसे देऊन घरात का आणायचे? आमच्या एका भाचीच्या लग्नात हाच सवाल वेगळ्या तोंडाने पुढे आला होता. आम्ही तिला दोन खणांचे सागवानी कपाट नवे करून दिले. मुलाकडच्या एक बाई हात फिरवून म्हणाल्या, "जुनं दिसते." त्यांच्या तोंडी 'जुनं' हा शब्द म्हणजे कमीपणा होता, आणि त्यांनाही आम्ही दोष देत नाही. नवे, करकरीत, कोणी न वापरलेले काहीतरी आपल्या दारात यावे ही इच्छा आपल्या घरांत उगीच आलेली नाही.

तरीही आमचे मत वेगळे आहे आणि आम्ही ते बाबांपुढेही मांडले. उतरलेली वस्तू कोणती द्यायची हे देणारा ठरवतो. घेणाऱ्याने मान खाली घालून घ्यायची असते. आम्ही भंगाराच्या काट्याजवळ उभे राहून दहा वस्तू नाकारतो आणि अकरावीचा भाव करतो. ती कापायची की जोडायची, काळी ठेवायची की पिवळी करायची, हे आम्ही ठरवतो. यात दान कोणाचेच नाही. आणि ते सागवान उन्हात वाळवले, धुतले, राखले ते कोणी? तेव्हा त्या लाकडावर आपला हक्क थोडाफार आधीचाच आहे. आमच्या आईने मात्र सगळा वाद दोन वाक्यांत आटोपला. म्हणाली, "लाकूड झाडाचं असते, वाड्याचं नसते. अन् पोरीले अभ्यासाले खुर्ची पायजे."

बाबासाहेबांच्या शाळेतली गोणपाटाची गोष्ट आपल्या घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या, 1990 मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापल्या गेलेल्या आठवणींत ते सांगतात की वर्गात त्यांना वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे आणि शाळा सुटली की ते गोणपाट घरी न्यावे लागे, कारण ते झाडायलाही कोणी शिवत नसे. पुढे दादरच्या राजगृहात त्यांचे टेबल-खुर्ची आणि पुस्तकांची कपाटे आली. कोणी कशावर बसायचे हा आपल्याकडे साधा सवाल कधीच नव्हता.

खुर्चीचे काम सुरू झाले. पहिले काम धुण्याचे. कोमट पाणी, कपड्याचा सोडा, नारळाचा काथ्या. तीन पाणी काढल्यावर काळा थर गेला. जुन्या सामानावर तेलरंग असेल तर मात्र लगेच काचपेपर घेऊन बसू नये, ही सूचना आम्ही प्रत्येकाला करतो. पूर्वीच्या रंगांत शिसे असायचे. घरगुती रंगात ते दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा हिरवा, निळा, पिवळा थर कोरडाच घासला तर शिशाची धूळ उडते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. त्याने मुलांच्या मेंदूला इजा होते. असा रंग ओला करूनच खरवडावा, घराबाहेर, तोंडाला कापड बांधून, खाली प्लास्टिक अंथरून. पोरांना शेजारी पाठवून द्यावे. निघालेला कचरा चुलीत घालू नये.

मग काचपेपर. आधी 80 नंबर, मग 120, शेवटी 220, आणि नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर, आडवा कधीच नाही. आडवे ओरखडे पॉलिशखाली जास्तच उठून दिसतात. हे काम दुपारचे तीन-चार दिवस चालते. एक जण घासतो, एक जण पुसतो, आणि गप्पा चालतात. शिवणकाम करणारीचा हात यात जास्त सफाईदार निघाला. कापडाचा उभा-आडवा धागा ओळखणाऱ्या बोटांना लाकडाची रेषा लगेच कळते.

पॉलिशला आम्ही चपडा वापरतो. लाखेच्या किड्याने झाडाच्या फांदीवर केलेला जो थर, तोच शुद्ध केला की चपडा होतो. हा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहतो. झारखंड, छत्तीसगडकडे त्याची मोठी पैदास होते. शंभर ग्रॅम चपडा पाऊण लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा. कापसाचा बोळा जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून त्याने पातळ हात द्यायचे. एक वाळला की दुसरा, दोन-चार हात झाले की जुना घासलेला काचपेपर हळूच फिरवायचा, पुन्हा हात. सहा-सात हातांनंतर लाकूड आतून उजळल्यासारखे दिसते. हे स्पिरिट विषारी असते आणि भडकन पेटते, तेव्हा चूल, विडी, उदबत्ती सगळे लांब.

यात आपल्या हवेचे गणित आहे. पावसाळ्यात चपड्याचे पॉलिश करायला गेले की हवेतला ओलावा आत अडकतो आणि वर पांढरट धुके धरते. मेच्या भर दुपारी केले तर स्पिरिट हात फिरवायच्या आत उडून जाते आणि पट्टे पडतात. म्हणून आमचा हंगाम माघ ते वैशाख, आणि वेळ सकाळी नऊपर्यंत. तोवर तूर घरात आलेली असते, कापसाची वेचणीही संपत आलेली असते, कोणाला ना कोणाला फुरसत असते. ज्यांना चपड्याची खटपट नको त्यांनी उकळलेले जवसाचे तेल चोळावे. तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर एक-दोन दिवस वाळवण, आणि सागवानाला सुंदर रंग येतो. फक्त तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर हा धोका जास्तच. फडकी दोरीवर मोकळी वाळत घालावीत, मगच टाकावीत.

आता राहिला वेत. आम्ही वाशिम, मालेगाव, रिसोड सगळीकडे विचारले. खुर्ची विणणारा सापडला नाही. एके काळी सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणायला खास माणसे असत, आणि अंध शाळांमधून ही कला शिकवली जाई. कारण बोटांना भोके मोजता आली की डोळ्यांचे काम अडत नाही. प्लॅस्टिक आणि फोम आले, वेत गेला. आम्ही खुर्चीला जाड कापड लावायचे ठरवले होते. एका सकाळी उठून पाहतो तर बाबा अंगणात तिच्यासमोर बसलेले, शेजारी सुतळीचे दोन गुंडे. बाज विणण्यात बाबांचा हात धरणारा आमच्या वस्तीत कोणी नाही. वेताची ती सहा पदरी नक्षी त्यांनी केली नाही, बाजेचीच चौकडीची वीण घातली. पण इतकी ताठ की वर पाणी टाकले तर उसळून यावे. तीन दिवस लागले. सुटलेल्या पायात कूस बसवताना त्यांनीच तो धरून ठेवला. कंदिलाचा डाग आम्ही घासून काढणार होतो, तर म्हणाले, "राहू दे तो."

खुर्ची झाली. मुलगी तिच्यावर बसून दहावीचा अभ्यास करते, मांडीवर फळी घेऊन. पाहुणे आले की तिच्यावर बसतात, चौदा एप्रिलला तर तिच्यासाठी नंबर लागतात. बाबा अजून एकदाही बसलेले नाहीत. आम्हीही आग्रह करत नाही.

भंगाराच्या गोदामाइतकीच चांगली जागा म्हणजे कचेऱ्या आणि शाळा. सरकारी सामान जुने झाले की त्याचे 'निर्लेखन' होते, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी होते आणि मग लिलाव होतो. त्याची सूचना फलकावर लागते, अनामत भरावी लागते. आपल्या लोकांना वाटते हे काम ठेकेदारांचे, पण कोणीही बोली लावू शकतो. त्रास एवढाच की निर्लेखनाचा कागद फिरेपर्यंत वस्तू पावसात पडून राहते. एका कार्यालयाच्या मागे आम्ही वीस-बावीस सागवानी खुर्च्या एकावर एक रचलेल्या पाहिल्या. लिलाव कधी म्हणून विचारले तर पुढच्या महिन्यात, असे उत्तर मिळाले. दोन पावसाळे आम्ही तोच पुढचा महिना ऐकला. शेवटी लिलाव झाला तेव्हा खालच्या रांगेला वाळवीने मातीचे मोजे चढवले होते. आम्हाला त्यातल्या चार मिळाल्या.

या बाबतीत चंदीगडची हकीकत सांगण्यासारखी आहे. 1950 नंतर ते शहर वसवले गेले तेव्हा तिथल्या कचेऱ्यांसाठी, कॉलेजांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या बनल्या. ल्य कॉर्ब्युझिए या वास्तुकाराचे नात्यातले बंधू प्येर जानेरे यांनी त्यांचे नमुने केले होते. पुढे त्या मोडक्या ठरल्या, गच्चीवर फेकल्या गेल्या, भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखो रुपयांना विकली गेली. मग 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने हुकूम काढून हे सामान जपण्यास सांगितले. आमच्या चार खुर्च्या काही जानेरे यांच्या नव्हेत, पण लाकूड तेच आणि चौकटीला पॉलिशचा खर्च प्रत्येकी दीडशे. एक आम्ही विहाराच्या वाचनकोपऱ्यात दिली, बाकी तीन घरात आहेत.

सागवानाची किंमत सरकारला ठाऊक नाही असे नाही. 28 मे 2023 रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान आपल्या नागपूरहून गेले. विदर्भाच्या जंगलातले लाकूड दिल्लीत शोभते आणि विदर्भाच्या वस्तीत चुलीत जाते.

चुलीत जाते हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही. रिसोडच्या बाजूला एका वस्तीत घरकुले मंजूर झाली, जुनी मातीची घरे उतरली, आणि आपल्याच लोकांनी आजोबांच्या वेळची दारे, चौकटी, धाब्याच्या कड्या फोडून सरपण केले. ही घरे गरिबांची होती, तरी दाराला लावलेले लाकूड बाभळीचे, कडुनिंबाचे, एखाद्या ठिकाणी सागाचे. कोणी कर्ज काढून घेतलेले, कोणी वाड्यावर वर्षभर राबून मिळवलेले. वाड्यांचे सागवान निदान भंगारवाला उचलतो. हे तर कोणी मोजतच नाही. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा एक बाई दाराची फळी कुऱ्हाडीखाली धरून होत्या. आम्ही थांबवले, उलटी केली, खरवडून दाखवले. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे तर आमच्या सासऱ्यानं बसवलं होतं बाई."

ते दार आम्ही विकत घेतले नाही. त्यांच्याच अंगणात बसून दोन दिवसांत त्याचे अभ्यासाचे मेज केले. दोन फळ्या वर, चौकटीच्या लाकडाचे चार पाय, कडीचा लोखंडी कोयंडा बाजूला तसाच ठेवला, त्याला दप्तर अडकवता येते. लांबी साडेतीन फूट, कारण घरकुलाच्या खिडकीखाली तेवढीच जागा होती. करवत आणि पटाशी आमची, घासायला त्यांची दोन मुले. खर्च आला तो काचपेपर, सरस आणि जवसाच्या तेलाचा. वस्तीतल्या आणखी पाच-सहा घरांनी आपापली दारे सरपणातून बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवली.

त्यातल्या एका तरुणाने विचारले, हे काम शिकायला मिळते का? शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो आम्ही त्याला सांगितला. मुले तिकडे कमी वळतात, वीजतंत्री आणि फिटरकडे गर्दी असते. पॉलिशचा हात बसलेला आणि कूस नीट बसवू शकणारा माणूस मात्र तालुक्याच्या गावीही शोधून सापडत नाही, हे आम्ही वेताच्या निमित्ताने अनुभवलेच आहे. त्याला एक गोष्ट आवर्जून सांगितली. सागवानाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत, तेव्हा पाडलेल्या घराचे सुटे लाकूड गाडीत घालून दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे, आणि खरेदीची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला खिशात ठेवावा.

रिसोडची ती दारे अजून भिंतीला टेकून आहेत. त्यांवर गोणपाटे टाकून ठेवा, म्हणजे पावसाचा मार लागणार नाही, असा निरोप आम्ही दिला आहे. तुरी निघाल्या की आम्ही पुन्हा तिकडे जाणार आहोत. या वेळी बाबाही येतो म्हणतात. तिथे कोणाकडे दोन जुन्या बाजा आहेत, आणि त्यांची वीण सैल झाली आहे.